शासकीय शाळांचे संचालन आणि केंद्र शासनाची भूमिका : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
मूळ राज्यघटनेत शिक्षण हा विषय राज्यसूचीत होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आला. तेव्हापासून शासकीय शाळांच्या कारभारात केंद्र शासनाचा सहभाग उत्तरोत्तर वाढत गेला आहे. हा सहभाग आवश्यक आहे की अनाठायी, या प्रश्नावर बहुधा तत्त्वाच्या पातळीवरच चर्चा होते. शाळा मात्र गावात, वाडीवर, तांड्यावर भरते. म्हणून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जालना जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांच्या संदर्भात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफ्राबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके त्यात समाविष्ट झाले. हा सर्व प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. म्हणजे लोकांपासून दूर असलेल्या सत्ताकेंद्राने शिक्षणाची दिशा ठरवावी, हा अनुभव मराठवाड्याला नवा नाही. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यरत झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळेचा कारभार गावाच्या जवळ आणण्याचा हा महत्त्वाचा टप्पा होय.

केंद्र शासनाचे योगदान :
हे योगदान नाकारणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. १९९५ मध्ये मध्यान्ह भोजन योजना सुरू झाली. २०००-०१ पासून सर्व शिक्षा अभियानातून वर्गखोल्या, मोफत पाठ्यपुस्तके व शिक्षक प्रशिक्षण यांसाठी निधी मिळू लागला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा अमलात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७१.५ टक्के, तर राज्याची सुमारे ८२.३ टक्के होती. अशा मागास जिल्ह्यासाठी राष्ट्रीय पातळीवरील किमान हमीचे मोल मोठे आहे. सहा ते चौदा वयोगटातील मुलाला शाळा मिळालीच पाहिजे, हे आता शासनाच्या मर्जीवर अवलंबून नाही.

जबाबदारी आणि अधिकार यांतील अंतर :
खरा दोष या हमीच्या रचनेत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ७ नुसार निधीची जबाबदारी केंद्र व राज्य यांच्यावर संयुक्तपणे आहे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याचे कर्तव्य मात्र कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. कर्तव्य खाली आणि तिजोरी वर, अशी ही विभागणी आहे.

तिचे परिणाम ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या बाबतीत ठळकपणे दिसतात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडणारे कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. मुलांनी गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. जे मूल जातेच, त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. योजनेचा हेतू निर्विवाद चांगला आहे. परंतु येथे तीन वेगवेगळी वर्षे एकमेकांना छेदतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये, आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये आणि उसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजना राज्यामार्फत दिल्लीतील प्रकल्प मान्यता मंडळाकडे जाते. तेथील मंजुरीनंतर निधी हप्त्याहप्त्याने खाली येतो. या साखळीतील एक कडी जरी उशिरा हलली, तरी बैलगाडी किंवा ट्रक निघण्यापूर्वी वसतिगृह उभे राहत नाही. मुलाचे नाव पटावर राहते आणि मूल फडात असते. माहिती प्रणालीत नोंद पूर्ण असल्याने वरच्या कार्यालयास ही उणीव सहजी दिसतही नाही.

याच जिल्ह्यात केंद्र शासन नवोदय विद्यालयाच्या रूपाने एक निवासी शाळा स्वतः चालवते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना आली. सहावीत निवड परीक्षेद्वारे कमाल ८० विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो आणि बहुतांश जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. तिची उपयुक्तता मान्य करूनही एक विसंगती नोंदवावी लागते. निवड झालेल्या मुलांना वर्षभराचे निवासी शिक्षण हक्कासारखे मिळते. ज्यांना निवाऱ्याची सर्वाधिक निकड आहे, त्यांचे सहा महिन्यांचे वसतिगृह मात्र दरवर्षी नव्याने मंजूर व्हावे लागते.

विरोधी युक्तिवादाची मर्यादा :
यावर केंद्राने शालेय शिक्षणातून पूर्णतः माघार घ्यावी, असा उपाय सुचवला जातो. तो मराठवाड्याच्या अनुभवाशी जुळत नाही. प्रादेशिक असमतोलाची मोजदाद करणारी दांडेकर समिती नेमावी लागली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला, यावरूनच राज्याची राजधानीही मागास जिल्ह्यांना नेहमी जवळची नसते, हे स्पष्ट होते. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्यासाठी २०२३ मध्ये प्रस्ताव मागवले ते राज्य शासनानेच. तांड्यावरची शाळा दूर गेली तर प्रथम मुलींचे शिक्षण थांबते, हे सर्वपरिचित आहे.

दुसरीकडे, दोन्ही शासनांच्या भूमिका संदिग्ध राहिल्यास उत्तरदायित्वच हरवते. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णय राज्याने राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या आधारे काढले आणि तीव्र विरोधानंतर २९ जून २०२५ रोजी ते मागे घेण्याची घोषणा केली. वास्तविक २०२० चे धोरण कोणतीही विशिष्ट भाषा सक्तीची करत नाही. निर्णय कोणाचा, हेच पालकाला कळू नये, ही स्थिती लोकशाहीस पोषक नाही.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, केंद्र शासनाने हमी द्यावी, निधी द्यावा आणि फलिताची पडताळणी करावी. शाळा चालवण्याचे निर्णय जिल्हा परिषद व शाळा व्यवस्थापन समितीकडे असावेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत प्राथमिक शिक्षणाचा समावेश करून हीच दिशा दाखवली होती. हंगामी वसतिगृहांचा निधी वार्षिक मंजुरीतून वगळून, मागील हंगामातील स्थलांतराच्या आधारे सप्टेंबरपूर्वी जिल्ह्यास थेट मिळावा, ही त्याची पहिली पायरी ठरेल. केंद्राच्या भूमिकेचे यशापयश योजनांच्या संख्येवरून न ठरवता, कोयता घेऊन निघालेल्या आईबापांच्या मागे मूल वर्गात बसले की नाही, यावरूनच ठरवणे उचित होय.