पायजम्यातला पत्रकार

ब्लॉग लिहिणारा माणूस पत्रकार की नव्हे, हा वाद आपल्याकडे चहाबरोबर निघतो आणि चहाबरोबरच निवतो. त्याची खरी चव घ्यायची तर २००४ सालच्या अमेरिकेत जायला हवे.

८ सप्टेंबरला 'सीबीएस' या बड्या वाहिनीने तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्या नॅशनल गार्डमधल्या चाकरीविषयी काही कागद झळकवले. कागद म्हणे १९७२-७३चे. रात्र सरते न सरते तोच ब्लॉगवाले विचारू लागले, "अहो, ही अक्षरं टाइपरायटरची कशी? ही तर संगणकाची!" वाहिनीच्या एका माजी अधिकाऱ्याने नाक मुरडले : कुठे आमच्या तपासणीच्या चाळण्या, आणि कुठे हा घरी पायजम्यात बसून खरडणारा! बाराव्या दिवशी वाहिनीला कबूल करावे लागले, की कागद अस्सल असल्याचे सिद्ध करता येत नाही. सूट हरला, पायजमा जिंकला.

पण पायजमेवाल्यांनी लगेच फेटे बांधू नयेत. १८३२ साली 'दर्पण' काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांजवळ पत्रकारितेची पदवी नव्हती हे खरे. म्हणून पदवी नसलेला प्रत्येक जण बाळशास्त्री होत नाही. बातमी छापण्याआधी चार ठिकाणी विचारलेत का? आणि चुकली, तर तेवढ्याच ठळक अक्षरांत चूक मान्य केलीत का? परीक्षेचे प्रश्न एवढे दोनच. बाकी 'असे समजते' या दोन शब्दांवर अख्खा रकाना उभा करणारे बहाद्दर सुटातही आहेत आणि पायजम्यातही!