गांधीजींचे आहारप्रयोग : एक वाङ्मयीन विचार

‘सत्याचे प्रयोग’ वाचावयास घेतलेला वाचक राजकोट, लंडन, प्रिटोरिया असा प्रवास मोठ्या उत्साहानें करीत जातो. परंतु मध्येंच उकडलेला पालक, भुईमुगाचे दाणे किंवा शेळीचें दूध ह्यांचा विषय निघाला, कीं तो चार पानें एकदम उलटतो. थोर पुरुषाच्या चरित्रांत एखादी लहर असावयाचीच, असें म्हणून तो ह्या प्रकरणांना क्षमा करतो. आम्हांस वाटतें, ह्या क्षमेची त्यांना गरज नाहीं. ग्रंथाच्या नांवांत जो ‘प्रयोग’ शब्द आहे, त्याची खरी कसोटी ह्याच प्रकरणांत लागते. ग्रंथकार त्या कसोटीस कोठें उतरतो व कोठें उतरत नाहीं, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

हा विषय आज काढण्यास आणखीहि एक कारण आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांच्या न्याहारींत आज नाचणीबरोबर ओट्स, किन्वा आणि चिया येऊन बसले आहेत. कोंकणांतल्या आजीच्या घरची नाचणी आतां सुबक पुडक्यांत बांधून नवलाईची वस्तु म्हणून नातवाच्या घरीं परत येते. तें ठीकच आहे. मात्र ह्या नव्या अन्नाबरोबर जें वाङ्मय येतें, तें बहुतेक उपदेशाचें असतें. सांगणारानें तें अन्न स्वतः किती दिवस खाल्लें, आणि पोट बिघडलें तेव्हां त्यानें काय केलें, ह्याचा पत्ता त्यांत लागत नाहीं. गांधीजींच्या लेखनांत नेमका हाच हिशेब मांडलेला आहे.

१८८८ सालीं विलायतेस गेलेला हा तरुण आईला दिलेल्या वचनामुळें मांस खात नव्हता. मनानें मात्र मांसाहारच योग्य असें समजत होता. बऱ्याच शोधानंतर फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला एक शाकाहारी उपाहारगृह सांपडलें, आणि तेथें एक शिलिंग देऊन त्यानें हेन्री सॉल्ट ह्यांचें शाकाहारसमर्थक पुस्तक घेतलें. पोटभर जेवण आणि पुस्तक हीं एकाच ठिकाणीं मिळालीं, ही घटना लेखकानें कसलाहि नाट्यमय आव न आणतां सांगितली आहे. पुढें खर्च कमी करण्यासाठीं तो स्वतःच ओटची लापशी आणि कोको करून घेऊं लागला; दिवसाचा अन्नखर्च एक शिलिंग तीन पेन्सांवर आला. आज आरोग्यासाठीं महागानें विकत घेतलें जाणारें ओट त्याच्या ताटांत काटकसरीच्या वाटेनें आलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

ह्याच भागांत पालकाचा प्रसंग आहे. रिचमंड येथें मसाल्यावांचून उकडलेला जो पालक बेचव लागला होता, तोच पुढें, घरून येणारे मसाले बंद केल्यावर, गोड लागूं लागला. त्यावरून, रुचीचें ठाणें जिभेंत नसून मनांत आहे, असा निष्कर्ष लेखक काढतो. निष्कर्ष थोडा घाईचा आहे. जिभेलाहि संवय लागते आणि ती मोडतेहि, एवढें म्हटलें असतें तरी काम भागलें असतें. परंतु निरीक्षण खरें आहे. नवें अन्न पहिल्या घांसाला नाकारणाऱ्या प्रत्येकानें तें आठवावें.

ह्या निरीक्षणाची खरी परीक्षा कच्च्या अन्नाच्या प्रयोगांत झाली. १८९३ सालीं प्रिटोरियास असतांना गांधीजींनीं न शिजविलेल्या धान्यावर राहून पाहिलें, त्याचें टांचण ठेवलें, आणि पुढल्या वर्षीं तें लंडनच्या ‘व्हेजिटेरियन’ पत्रांत प्रसिद्ध केलें. प्रयोग फसला होता, तरी तो छापला गेला. पुढें १९२९ सालीं साबरमतीस त्यांनीं तोच नाद पुन्हां धरला, ‘यंग इंडिया’मध्यें त्याचा पुरस्कार केला, आणि कांहीं महिन्यांतच आमांशानें त्यांना माघार घ्यावी लागली. ही माघारहि त्यांनीं त्याच पत्राच्या वाचकांना कळविली. पुढें १९४२ सालीं पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असतांना त्यांनीं आरोग्यावर जें छोटें पुस्तक लिहिलें, त्यांत बैठें काम करणाऱ्या माणसाच्या रोजच्या आहाराचें एक कोष्टक आहे. त्यांत दोन पौंड गाईचें दूध आहे, सहा औंस धान्य आहे. आणि कच्च्या भाजीचें प्रमाण आहे अवघें एक औंस. ज्यानें एके काळीं चूल बंद करण्याचा विचार केला, त्याच्या कोष्टकांत कच्च्या पाल्याच्या वांट्याला शेवटीं सुमारें अठ्ठावीस ग्रॅम आले! त्या एका औंसाच्या मागें जवळजवळ पन्नास वर्षांचा अनुभव उभा आहे, आणि म्हणूनच आम्हांस तें कोष्टक अनेक जाड ग्रंथांहून विश्वसनीय वाटतें.

तथापि प्रयोगकर्ता म्हणून त्यांच्यांत मोठे दोष होते, आणि ते झांकण्याचें कारण नाहीं. ते एकाच वेळीं अनेक गोष्टी बदलीत. १९१४ सालीं लंडनमध्यें फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली असतां त्यांचा आहार भुईमूग, कच्चीं-पिकलीं केळीं, लिंबू, ऑलिव्हचें तेल, टोमॅटो व द्राक्षें असा होता. दूध, धान्य व डाळी सर्वथा वर्ज्य. अशा स्थितींत गुण आला अगर न आला, तर तो कशानें, हें कसें ठरवावें? डॉ. जीवराज मेहता दूध व धान्य घेण्याचा आग्रह करीत होते. नामदार गोखल्यांनींहि आपला शब्द खर्ची घातला. गांधीजींनीं चोवीस तासांची मुदत मागितली, आणि विचारान्तीं ज्याला ते गुरु मानीत त्यालाहि नकार दिला. हें प्रकरण वाचतांना शिष्याच्या निश्चयापेक्षां गोखल्यांच्या समंजसपणाचाच ठसा मनावर अधिक उमटतो. त्यांना तो निर्णय मान्य नव्हता, तरी त्यांनीं पुढें आग्रह धरला नाहीं.

ह्याहून मोठा दोष घरांत दिसतो. दक्षिण आफ्रिकेंत कस्तुरबांना रक्तस्रावाचा विकार जडला असतां गांधीजींनीं त्यांना मीठ व डाळ सोडण्याचा सल्ला दिला. हें तर तुम्हांलाहि कोणी सांगितलें तरी सुटणार नाहीं, अशा अर्थाचें त्या बोलल्या. तेव्हां गांधीजींनीं तत्क्षणीं दोन्ही पदार्थ एक वर्षापुरते सोडल्याचें जाहीर केलें. कस्तुरबांनीं क्षमा मागितली, आपण पथ्य पाळूं पण तुम्ही शपथ परत घ्या, अशी विनवणी केली. ती व्यर्थ गेली, आणि त्या रडूं लागल्या. लेखक ह्या प्रसंगास घरगुती सत्याग्रह म्हणतो, आणि आपल्या आयुष्यांतील गोड आठवणींत त्याची गणना करतो. आम्हांस मात्र हें प्रकरण वाचून अस्वस्थ वाटतें. कस्तुरबांचा आजार पुढें हटला, हें खरें. परंतु तो मीठ सोडल्यानें हटला कीं कशानें, हें ठरविण्याचें साधन वाचकाजवळ नाहीं, आणि लेखकहि तें खात्रीनें सांगत नाहीं. शिवाय ज्या बाईनें तें पथ्य पाळलें, तिची बाजू ह्या पानांत केवळ अश्रूंच्या रूपानें येते. घरांत नवा आहार आणणाऱ्या प्रत्येक उत्साही पुरुषानें हें प्रकरण वाचावें, पण लेखकाच्या बाजूनें नव्हे.

आणि म्हणूनच शेळीच्या दुधाचें प्रकरण हें ह्या साऱ्या लेखनांतील सर्वांत उंच शिखर आहे, असें आम्ही म्हणतों. १९१२ सालीं टॉल्स्टॉय फार्मवर असतांना गांधीजींनीं दूध सोडलें, आणि पुढें त्या त्यागाला व्रताचें रूप आलें. १९१८ सालीं आमांशानें ते मरणाच्या दारीं गेले, शरीर कांहीं केल्या भरून येईना. मुंबईस डॉ. दलालांनीं स्पष्ट सांगितलें, कीं दुधावांचून प्रकृति सुधारणें शक्य नाहीं. गांधीजींनीं व्रताची अडचण सांगितली. तें व्रत घेतांना तुमच्या मनांत गाय व म्हैस होत्या ना, मग शेळीच्या दुधाला हरकत कसली, असा प्रश्न उशाशीं उभ्या असलेल्या कस्तुरबांनीं केला. ज्या स्त्रीच्या विनवणीला पूर्वीं यश आलें नव्हतें, तिनेंच येथें वाट काढून दिली. गांधीजींनीं ती पत्करली. परंतु लगेच त्यांनीं असेंहि लिहून ठेवलें, कीं व्रताचें अक्षर राखलें आणि आत्मा मारला. लढ्यासाठीं जगण्याचा मोह आपल्याला आवरला नाहीं, हें त्यांनीं लपविलें नाहीं. शरीर जिंकलें, व्रत हरलें, आणि लेखक दोहोंची नोंद एकाच शाईनें करतो. स्वतःच्या पराभवाचें इतकें स्वच्छ वर्णन आमच्या वाचनांत फार थोडें आलें आहे.

दुधाची जागा घेणारें वनस्पतिजन्य अन्न सांपडावें, अशी त्यांची इच्छा अखेरपर्यंत राहिली. ज्या १९४८ सालीं ते गेले, त्याच सालीं शास्त्रज्ञांनीं बी-१२ हें जीवनसत्त्व शुद्ध रूपांत वेगळें काढलें. दुधांत तें असतें, आणि धान्य, डाळी, भाज्या ह्यांत तें जवळजवळ नसतेंच. गांधीजींच्या अपयशाला निदान एक शास्त्रीय कारण होतें. त्यांनीं आपल्या मताला सोईस्कर असें खोटें यश नोंदलें नाहीं, ह्याचें मोल अशा वेळीं कळतें.

वर्ध्याच्या मगनवाडींतले १९३५ च्या सुमाराचे त्यांचे लेख शैलीच्या दृष्टीनें ह्याहून साधे आहेत. सोयाबीन, हातसडीचे तांदूळ, गूळ, मुळ्याचा व गाजराचा पाला ह्यांवर ‘हरिजन’ पत्रांत त्यांनीं जें लिहिलें, त्यांत मोठा विचार कोठेंच डोकावत नाहीं. किंमत किती, कसें धुवावें, किती खावें, एवढाच मजकूर. सोयाबीन बाहेरून आलें होतें; पण मुळ्याचा पाला आपल्याच दारांत होता, आणि आपण तो टाकून देत होतों. नवें अन्न म्हणजे दूर देशचेंच अन्न नव्हे, हा धडा ह्या लेखांइतका नेटका अन्यत्र मिळत नाहीं.

एका बाबतींत मात्र आमचा त्यांच्याशीं शेवटपर्यंत मतभेद राहील. अस्वादाचें त्यांचें व्रत आश्रमाला शोभणारें होतें. घर हें आश्रम नव्हे. मुलांच्या पानांत नाचणीची भाकरी वाढावयाची असेल, तर तिच्यावर लोण्याचा गोळा आणि कडेला लसणीची चटणी हवी. रुचीला शत्रु ठरवून कोणतेंहि नवें अन्न घरांत टिकलेलें नाहीं, आणि तें टिकविण्याचें काम जिच्याकडे असतें तिला हें न सांगतां ठाऊक असतें. गांधीजींच्या लेखनांत चूल फार वेळां येते, पण चुलीपुढें बसलेली व्यक्ति क्वचितच बोलते.

हें उणें पदरीं धरूनहि हीं प्रकरणें घराघरांत वाचलीं जावीं असें आम्हांस वाटतें. नवा पदार्थ आणावयाचा असेल तर एका वेळीं एकच आणावा, चार आठवडे खाऊन पाहावा, घरांतल्या सर्वांस विचारावें, आणि न सोसला तर तसें उघड म्हणून सोडून द्यावा, एवढा बोध त्यांतून निघतो. त्यापैकीं पहिल्या तीन गोष्टी गांधीजींना नेहमींच साधल्या असें नाहीं. चौथी मात्र त्यांच्याइतक्या मोकळेपणानें दुसऱ्या कोणास साधल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.