'साहेब' माकडांचा प्रयोग : एक फेरतपासणी

'जबाबदारी वाढली की ताण वाढतो आणि ताण वाढला की अल्सर होतो' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो, की त्याला पुरावा मागावा असे वाटतच नाही. या समजुतीला एका गाजलेल्या प्रयोगाने बळ दिले. तो आपण पुन्हा तपासून पाहू.

अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेत जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या जोड्या घेऊन त्यांना शेजारशेजारच्या खुर्च्यांत जखडले. एकाच्या हाताशी तरफ होती. ती ठरावीक सेकंदांच्या आत दाबत राहिल्यास विजेचा झटका टळे. चुकल्यास दोघांनाही बसे. सहा तास काम, सहा तास विश्रांती. तरफ सांभाळणारी 'साहेब' माकडे अल्सर होऊन मेली, त्यांचे जोडीदार मात्र बरे राहिले. १९५८ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात हा वृत्तांत आला आणि पुढे पाठ्यपुस्तकांत शिरला.

निष्कर्ष सहज पटणारा होता. पण जोड्या होत्या अवघ्या चार! त्याहून मोठी खोट निवडीत होती. साहेब कोणी व्हायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. पूर्वचाचणीत जी माकडे भराभर तरफ दाबत, त्यांनाच साहेब केले गेले. मग अल्सर कशाने झाला? जबाबदारीने, की त्या माकडांच्या मुळातल्या स्वभावाने? या मांडणीतून उत्तर मिळूच शकत नाही.

पुढे रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस यांनी उंदरांवर प्रयोग केले. एका उंदराला झटका टाळण्याचा उपाय दिला. दुसऱ्याला तितकेच झटके, पण उपाय नाही. तिसऱ्याला झटकेच नाहीत. कोण कुठे हे नशिबावर सोडले. निकाल उलटा लागला. सर्वांत जास्त व्रण पडले ते असहाय उंदराच्या पोटात! झटक्याआधी इशाऱ्याचा आवाज मिळाला, तर व्रण आणखी कमी. ब्रेडींच्या माकडांना असा इशारा मिळतच नव्हता.

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण लंडनमधील सरकारी नोकरांच्या, १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल पाहणीतही हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण साहेबांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीत कितीतरी जास्त आढळले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात घेऊनही हा फरक पुरता मिटला नाही. आणि अल्सरचे म्हणाल, तर १९८२ मध्ये वॉरन आणि मार्शल यांनी त्यामागचा जिवाणू शोधला. २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ताणाचा वाटा उरला, पण दुय्यम.

ब्रेडींना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. आपल्या मनातल्या समजुतीशी जुळणारा निष्कर्ष आपणही न तपासता वर्गात सांगतोच. हा प्रयोग नववी-दहावीच्या वर्गात जरूर सांगावा, पण निकाल लपवून. 'यात चूक कुठे?' हे मुलांनाच शोधू द्यावे. जिवंत प्राण्यांना असे छळावे का, हा प्रश्नही ती विचारतील. तो टाळू नये.

आणखी एक. चाचणी कधी, कशावर, गुण कसे देणार हे आधी सांगितल्याने मुलांची भीती कमी होते का? उंदरांवरून तसा निष्कर्ष काढता येणार नाही. पण आपल्या वर्गात ते पाहायला कोणती प्रयोगशाळा लागते?