फिरत्या सावल्यांतला माग

अंधाऱ्या दालनात पाच पारदर्शक नळकांडी टांगलेली आहेत. ती स्वतःभोवती संथ फिरतात आणि प्रोजेक्टरांचा प्रकाश त्यांच्यातून आरपार जाताना त्यांवर रंगवलेल्या आकृतींच्या सावल्या भिंतीवरच्या चलच्चित्रात मिसळत राहतात. नलिनी मालानी यांची 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' ही कृती २०१२ साली जर्मनीतल्या कासेल येथे 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात मांडली गेली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकर्तीने शीर्षक घेतले आहे उर्दू कवी फैज अहमद फैज यांच्या कवितेवरून. सांडलेल्या रक्ताची खूण कुठेच उरलेली नाही, हे त्या कवितेचे दुःख. ज्याची खूणही उरली नाही त्याचा माग काढायचा, अशी ही विलक्षण अकरा मिनिटे आहेत.

आधी त्या नळकांड्यांवरच्या रंगांपाशी आपण थोडे रेंगाळू. पारदर्शक पृष्ठावर उलट बाजूने रंगवण्याची रीत मालानींनी चित्रकार भूपेन खक्कर यांच्याकडून आत्मसात केली. एरवी सर्वांत शेवटी येणारी डोळ्याची बारीक रेघ या रीतीत आरंभीच ओढावी लागते. मग तिच्यामागे त्वचा, त्वचेमागे वस्त्र आणि अखेरीस पार्श्वभूमी. शेवट आधी ठाऊक असल्याशिवाय इथे कुंचला उचलताच येत नाही! आणि या कृतीच्या अंतरंगात वावरते ती कासांड्रा, ग्रीक पुराणकथेतली भविष्यवेत्ती, जिला अंत दिसतो पण जिच्या शब्दावर कुणाचा विश्वास बसत नाही. तिच्या जोडीला आहे बंगाली लेखिका महाश्वेतादेवींच्या कथेतली आदिवासी द्रौपदी. रंगवण्याची रीत आणि नायिकेचे प्राक्तन यांची अशी गाठ जुळलेली पाहून रसिकमन हरखून जाते.

मग भिंतीवर उमटतो वस्त्राने वेढलेला एका स्त्रीचा चेहरा, आणि त्यावरून सरकणारी अक्षरे. अक्षरे वाचू गेलो तर चेहरा हातून सुटतो, चेहरा न्याहाळू लागलो तर अक्षरे पुढे निघून जातात; आणि या निसटण्यातच पुन्हा पाहण्याची तहान वाढत जाते.

पुणे–सोलापूर महामार्गावरच्या मोडनिंबसारख्या गावात, रात्री गाडीचा झोत खिडकीतून आत आला की गजांच्या सावल्या भिंतीवरून लांबत जातात, तो अनुभव या कृतीच्या अगदी जवळचा. तिथे उजेड धावतो, इथे चित्र फिरते. नळकांड्यावरची आकृती फेरी पुरी करून परत येते खरी, पण तोवर तिच्यामागचे चलच्चित्र पुढे सरकलेले असते. तीच आकृती, नवा क्षण. परतून येणारे आणि कधीच न परतणारे एकाच भिंतीवर असे एकवटलेले पाहताना आपल्याच आयुष्याची घडण उमगू लागते. अंत तर आपल्यालाही कासांड्राइतकाच ठाऊक आहे; तरीही पुढच्या वळणाची उत्सुकता ओसरत नाही, आणि मर्त्यपणाच्या त्या जाणिवेनेच समोरची प्रत्येक सावली डोळे भरून पाहावीशी वाटते, हा या कृतीने दिलेला अपूर्व आनंद.