‘विलो’ चित्रपटातील वीर आणि सुईण

बालपणी पाहिलेला चित्रपट चाळिशी उलटल्यावर पुन्हा पाहणे तसे धोक्याचेच. तेव्हाचा राक्षस आता कापडाचा व रबराचा दिसतो. रॉन हॉवर्ड यांनी दिग्दर्शित केलेला ‘विलो’ हा अद्भुतरम्य चित्रपट १९८८ साली प्रदर्शित झाला. कथा जॉर्ज ल्यूकस यांची. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही तो बेळगावात शेजाऱ्यांच्या घरी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. इंग्रजी संवाद निम्मेही कळले नाहीत. दोन तोंडांचा आग ओकणारा राक्षस आणि मॅडमार्टिगनची तलवार तेवढी कळली, आणि तेवढ्यावर आमची ती सुट्टी सार्थकी लागली. गतवर्षी वसतिगृहातील मुलांसमवेत तोच चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला.

कथानक थोडक्यात असे. आपला नाश करणारे मूल जन्मास येणार, हे भाकीत ऐकून बावमोर्डा राणी राज्यातील सर्व गर्भवती स्त्रियांना कैदेत टाकते. दंडावर खूण असलेली मुलगी जन्मते. सुईण तिला लपवून नेते आणि शिकारी कुत्री मागावर येताच गवताच्या तराफ्यावर ठेवून नदीत सोडते. विलो हा नेल्विन नावाच्या ठेंगण्या लोकांतील शेतकरी. त्याच्या मुलांना ते बाळ सापडते. लव्हाळ्याचा पेटारा कोणता आणि हा हेरोद कोणता, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ साली ‘द हिरो विथ अ थाउजंड फेसेस’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, जगभरच्या वीरकथांच्या मुळाशी एकच कथा आहे. ल्यूकस यांनी या ग्रंथाचे ऋण मोकळेपणाने मानले आहे, आणि ‘विलो’मध्ये ते जागोजागी दिसते. घर सोडण्यास कचरणारा नायक, बेभरवशाचा पण शूर योद्धा, मार्गदर्शक जादूगारीण, भाकिताचे मूल, पक्ष बदलणारी शत्रुकन्या, असे सारे ओळखीचे आदिबंध येथे हजर आहेत. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. लोककथा अशाच साच्यांवर जगते. साच्यातून काय गळून पडते, हा प्रश्न मात्र आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रथम एक उदाहरण साच्यातलेच. गावचा वृद्ध मांत्रिक आपली बोटे उमेदवारांपुढे धरतो आणि जगावर सत्ता चालविणारी शक्ती कोणत्या बोटात आहे, असे विचारतो. सारे चुकतात. विलोच्या मनात प्रथम स्वतःचे बोट दाखवावे असे आले होते, पण त्याला धीर झाला नाही. तेच उत्तर बरोबर होते. प्रसंग सुंदर आहे, आणि प्रवचनासाठी मोहात पाडणारा आहे. परंतु जळत्या झुडपापाशी ‘मी कोण?’ असे मोशे विचारतो, तेव्हा देव त्याच्या अंगच्या गुणांविषयी एक अक्षरही बोलत नाही. तो केवळ आपल्या सोबतीचे वचन देतो. आत्मविश्वास आणि विश्वास यांतील हे अंतर चित्रपटाला ठाऊक नाही. त्याने ते ठाऊक करून घ्यावे अशी आमची अपेक्षाही नाही. धर्मशिक्षकाने मात्र ते विसरू नये. विलोच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. अखेरीस तो राणीला चकवतो तो थोर मंत्राने नव्हे, तर जत्रेत डुकराचे पिल्लू नाहीसे करताना फसलेल्या हातचलाखीने. वॉरविक डेव्हिस हा नट चित्रणाच्या वेळी अवघा सतरा वर्षांचा होता. बाळाला कडेवर घेऊन चालणारा त्याचा बाप आजही खरा वाटतो.

आता त्या सुईणीकडे वळू. तिचे नाव एथ्ना. तान्ह्या मुलीला घेऊन ती रानावनांतून, बर्फातून चालते. तिची ही सारी पायपीट आरंभीच्या श्रेयनामावलीत उरकलेली आहे. प्रेक्षक नटांची नावे वाचीत असतात, तेव्हा ही बाई जगाचे भवितव्य पदराखाली घेऊन चालत असते. नंतर कुत्री तिच्यावर तुटून पडतात आणि कथा तराफ्याबरोबर पुढे वाहत जाते. कैदेतील इतर स्त्रियांचे व त्यांच्या अर्भकांचे काय झाले, हेही पडद्यावर येत नाही. वीरकथेला त्यांची गरज उरलेली नसते.

पवित्र शास्त्राला ती उरते. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात फारोचे नाव नाही, पण आज्ञा मोडणाऱ्या सुइणींची नावे आहेत: शिप्रा आणि पुवा. मत्तयही बाळ येशू मिसरात सुखरूप पोहोचताच निःश्वास टाकून पुढे जात नाही. तो बेथलेहेमात मागे राहतो, मारल्या गेलेल्या बालकांचा वृत्तांत सांगतो आणि यिर्मयाची रडणारी राहेल तेथे आणून उभी करतो. तिचे सांत्वन तो करीत नाही. कॅम्बेल यांच्या साच्यात हा परिच्छेद बसवून पाहावा. तो बसत नाही.

चित्रपट संपल्यावर मुले तलवारबाजीत रमली. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने मात्र विचारले, “फादर, त्या सुईणबाईला कोणी पुरलं का?” आम्हांस उत्तर सुचले नाही. तिला शिप्रा व पुवा यांच्याविषयी सांगितले. ती नावे तिने त्यापूर्वी ऐकली नव्हती, आणि तिला धर्मशिक्षण देणारे आम्हीच होतो.

नाताळच्या नाटिकेची संहिता सध्या आमच्या टेबलावर पडून आहे. तीन मागी लोकांसाठी सात मुलांची नावे आली आहेत. हेरोदाच्या हत्याकांडाचा प्रवेश तीत नाही. सणाचा आनंद बिघडेल म्हणून काही वर्षांपूर्वी तो आम्हीच गाळला होता.