‘सरनौबत’ म्हणजे सेनापतीच काय?

जुन्या कागदांस टीपा देतांना ‘सरनौबत’ दिसला कीं त्यापुढें ‘सेनापति’ लिहून मोकळें होण्याचा प्रघात पडला आहे. तो आम्हांस सदोष वाटतो. ‘नौबत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पाळी. त्यावरून पाळीचा पहारा, व पुढें पहाऱ्याच्या वेळीं वाजणारें वाद्य. फारसी ‘सर’ म्हणजे मुख्य. तेव्हां व्युत्पत्तीनें हा पहाऱ्याचा मुख्य होय. कोणत्या पहाऱ्याचा, हें शब्द सांगत नाहीं.

आतां प्रयोग पाहावा. शिवकालीं नेताजी पालकर घोडदळाचे, तर येसाजी कंक पायदळाचे सरनौबत. सभासदाच्या बखरींत तर गडोगडीं हवालदार व सबनीस यांच्या बरोबरीनें एक सरनौबत आहेच. १६७४ च्या राज्याभिषेकसमयीं प्रधानांस संस्कृत नामें मिळालीं, तेव्हां ‘सेनापति’ हें नांव लष्कराच्या सरनौबतास लाभलें, गडावरच्यास नव्हे.

संस्कृत शिकविण्यांत आमचा जन्म गेला. त्या नामांविषयीं आम्हांस अनादर असणें शक्य नाहीं. परंतु हा प्रघात चालला तर गडाच्या सरनौबतीचा कागद ज्या घरीं निघेल तें घर सेनापतीचें ठरेल; उलट, एकाच सालीं दोन सेनापति पाहून अस्सल कागदही बनावट म्हणून टाकला जाईल. यास्तव संपादकांनीं मूळ शब्द तसाच ठेवावा, आणि हा सरनौबत घोडदळाचा, पायदळाचा कीं गडाचा, हें त्या कागदावरूनच ठरवून मग टीप द्यावी.