‘लेट अस सी’ आणि यंत्राचे सान्निध्य : एक चिकित्सा

नागपूर ही ज्यांची कर्मभूमी, त्या यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक भारतातील अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या असंख्य विद्यार्थ्यांचे संगणकीय भाषेचे पहिले पुस्तक ठरले. ते क्रमिक पुस्तक म्हणून जितके वापरले गेले तितकी त्याची ग्रंथ म्हणून चिकित्सा होत नाही. वस्तुतः भाषा आणि यंत्र यांच्या नात्याविषयीची एक विशिष्ट धारणा या पुस्तकाच्या परंपरेतून अध्यापकांच्या दोन पिढ्यांत रुजली आहे. ती धारणा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पुस्तकाचे गुण निर्विवाद आहेत. ब्रायन कर्निगन व डेनिस रिची यांचा १९७८ चा मूळ ग्रंथ वाचकाला प्रोग्रॅमिंगची तोंडओळख आहे असे गृहीत धरतो. कानेटकर तसे गृहीत धरत नाहीत. त्यांची आरंभीची आज्ञावली सरळव्याज काढते, म्हणजे शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला ठाऊक असलेल्या गणितापासून ते सुरुवात करतात. इंग्रजीचे दडपण बाळगणाऱ्या विदर्भातील विद्यार्थ्याला ही वर्गात बोलल्यासारखी सोपी इंग्रजी किती आधाराची वाटली असेल, हे वेगळे सांगावयास नको.

या परंपरेचे खरे वैशिष्ट्य मात्र यंत्राशी असलेल्या सलगीत आहे. कानेटकरांचे डॉसकालीन लेखन, विशेषतः ‘रायटिंग टीएसआर्स थ्रू सी’ हे पुस्तक, वाचकाला थेट यंत्राच्या गाभ्यात नेते. त्या काळच्या संगणकात रंगीत पडद्याची स्मृती बी८०० या खंडापासून सुरू होई. ८० स्तंभ व २५ ओळींच्या पडद्यावर २,००० अक्षरे मावत आणि प्रत्येक अक्षरासाठी दोन बाइट लागत, एक अक्षराचा व दुसरा त्याच्या रंगाचा. या ४,००० बाइटांपैकी एकात पॉइंटरद्वारे संख्या ठेवली की पडद्यावर अक्षर उमटे. मध्ये ना कार्यप्रणालीची अनुमती, ना ग्रंथालयातील फलनाची मध्यस्थी. ‘सी ही यंत्राजवळची भाषा आहे’ हे विधान असे डोळ्यांना दिसत असे.

येथेच एका गैरसमजाचे बीज आहे. जे यंत्राचे होते ते भाषेचे मानले गेले. टर्बो सी या कंपायलरमध्ये ‘इंट’ दोन बाइटांचा असे व त्याची मर्यादा −३२,७६८ ते ३२,७६७ एवढी असे. ती एका १६-बिटी कंपायलरची निवड होती. सी भाषेचे प्रमाणक केवळ किमान व्याप्ती ठरविते. बाकीचे प्रत्येक कंपायलरवर सोडते. वर्गात मात्र ‘इंट म्हणजे दोन बाइट’ हे सूत्र पाढ्यासारखे पाठ झाले. एकाच विधानात एका चलाची दोनदा वृद्धी करून उत्तर विचारणारे परीक्षेतील प्रश्न याच वृत्तीचे अपत्य होत. अशा विधानाला प्रमाणक कोणताही अर्थ देत नाही. त्याचे ‘बरोबर उत्तर’ म्हणजे फक्त त्या प्रयोगशाळेतील कंपायलरचे वर्तन.

याचा सगळा दोष ग्रंथकाराकडे जात नाही. २००४ च्या पाचव्या आवृत्तीत कानेटकरांनी विंडोज व लिनक्स यांवर स्वतंत्र प्रकरणे घातली आणि १६-बिटी व ३२-बिटी कंपायलरमधील फरकही नोंदविला. पुस्तक पुढे सरकले. प्रयोगशाळा मागे राहिल्या. ६४-बिटी विंडोजवर १६-बिटी आज्ञावली चालेनाशा झाल्या, तेव्हा अनेक ठिकाणी डॉसबॉक्स बसवून टर्बो सी जिवंत ठेवण्यात आले. डॉसबॉक्स हे जुन्या संगणकाची नक्कल करणारे सॉफ्टवेअर आहे. तेथे पॉइंटरने बी८०० ला स्पर्श करणारा विद्यार्थी हार्डवेअरला नव्हे, तर हार्डवेअरच्या चित्राला स्पर्श करीत असतो. जावा ही कल्पित यंत्रावर चालणारी, म्हणून यंत्रापासून दुरावलेली भाषा, असा आक्षेप त्याच प्रयोगशाळेत घेतला जावा, ही मोठी विसंगती होय.

शिवाय सीचे प्रमाणकही भाषेचा अर्थ एका अमूर्त यंत्राच्या आधारेच सांगते. दोन्ही भाषा अमूर्तीकरण करतात; प्रश्न एवढाच की पहारा कोण देतो. जावा अनुक्रमसूचीच्या प्रत्येक स्थानाची मर्यादा तपासते व त्यासाठी थोडा वेळ खर्च करते. सी तपासत नाही. पाचव्या आवृत्तीत अनेक शब्दांची ओळ वाचण्यासाठी ‘गेट्स’ हे फलन सांगितले आहे. किती अक्षरे घ्यावीत हे या फलनाला कळतच नाही. १९८८ च्या मॉरिस वर्मने युनिक्सच्या ‘फिंगर’ सेवेतील याच फलनाचा गैरफायदा घेतला होता. २०११ च्या प्रमाणकातून ते अखेर वगळण्यात आले. १६ वर्षे जुन्या इशाऱ्याची दखल २००४ च्या आवृत्तीने घ्यावयास हवी होती. या पुस्तकावरील सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे.

तरीही सी शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. सान्निध्यच शिकवायचे तर त्यासाठी खरे यंत्र हवे. आर्डुइनो उनो या छोट्या फलकाच्या मूळ आवृत्तीवर ८-बिटी सूक्ष्मनियंत्रक असतो. त्यावर ‘इंट’ आजही दोन बाइटांचाच आहे, आणि ३२,७६७ ची जुनी मर्यादा तेथे पुन्हा खरी ठरते. त्याच्या ‘पोर्ट बी’ या नोंदवहीचा पत्ता षोडशमान पद्धतीत २५ आहे. संबंधित पिन आधी निर्गमासाठी योजून या पत्त्यावरील पाच क्रमांकाचा बिट १ केला की फलकावरचा दिवा लागतो. तीच आज्ञावली शेजारच्या लिनक्स संगणकावर चालविली, तर कार्यप्रणाली त्या पत्त्याला हात लावू देत नाही आणि आज्ञावली तत्काळ बंद पाडते. हे दोन अनुभव एकाच तासिकेत देता येतात, आणि त्यासाठी डॉसबॉक्सची गरज पडत नाही.